अनोळखी मासा गरीला लागला की आधी हात मागे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, तुम्ही आणि तुमचा भाचा संध्याकाळी गरवत, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरत होतात. अंधार पडल्यावर भाच्याच्या गरीला वीतभर लांबीचा, तपकिरी-लालसर, डोक्यावर कातडीचे धागे लोंबणारा, शेवाळ चढलेल्या दगडासारखा मासा लागला. बॅटरीच्या उजेडात त्याने तो अंगावरून धरून गरी काढायला घेतली आणि अंगठ्यात काहीतरी घुसलं. तुम्ही बर्फ लावलात, कुणीतरी चुना लावायला सांगितलं. रात्रभर पोरगा तळमळला, पहाटे ठणका उतरला, पण आठ दिवस झाले तरी अंगठा सुजलेलाच आहे. तो मासा कोणता, तेव्हा काय करायला हवं होतं आणि पुढे असा न ओळखणारा मासा लागला तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी विजयदुर्ग ते वेंगुर्ला या पट्ट्यात तीस-बत्तीस वर्षं गरवतोय. जे स्वतः भोगलं आणि डोळ्यांनी पाहिलं, त्यातून सांगतो.

तुमच्या वर्णनावरून तो विंचूमाशांच्या कुळातला, म्हणजे स्कॉर्पियनफिश असणार. त्याच्या पाठीवर बारा-तेरा ताठ काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत विष असतं. काट्यावर पातळ कातडीचं वेष्टण असतं. काटा रुतला की ते मागे सरकतं आणि विष जखमेत उतरतं. मासा स्वतःहून हल्ला करत नाही, आपण दाबतो म्हणून काटा घुसतो. लायनफिश आणि स्टोनफिश हे याचेच भाऊबंद. लायनफिशचे पंख पिसाऱ्यासारखे आणि अंगावर पट्टे, त्यामुळे त्याला सहसा कुणी हात लावत नाही. स्टोनफिश मात्र खरोखर दगडच वाटतो, आणि माशांच्या विषात त्याचं विष सगळ्यांत जहाल मानतात. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून त्याच्यावर प्रतिविष आहे. तुमचा भाचा एका रात्रीत सावरला, तेव्हा तो स्टोनफिश नसावा. पण फोटो नसताना याहून नेमकं नाव मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तर तुम्हीही मानू नका.

आता उपचार. बर्फाने चुकलं. शिंगाळा (कॅटफिश), पाकट (स्टिंगरे), विंचूमासा यांच्या काट्यांवर पहिला इलाज गरम पाण्याचा. ही विषं प्रथिनांची असतात, उष्णतेने त्यांचा जोर मोडतो, आणि ठणकाही उष्णतेनेच उतरतो. सोसवेल इतकं गरम, साधारण ४५ अंश सेल्सियसचं पाणी घ्यायचं आणि दंश झालेला भाग अर्धा ते दीड तास त्यात बुडवून ठेवायचा, पाणी निवलं की पुन्हा गरम घालायचं. पाण्याचा अंदाज दंश झालेल्या हाताने कधीच घेऊ नका. तो हात बधिर असतो, त्याला चटका कळत नाही आणि विषापेक्षा भाजल्याची जखम मोठी होते. दुसऱ्याने स्वतःचा हात घालून बघायचं.

खडपावर गरम पाणी कुठून आणणार, असं तुम्ही म्हणाल. माझ्या पिशवीत गेली कित्येक वर्षं चहाच्या थर्मासबरोबर नुसत्या उकळत्या पाण्याचा दुसरा थर्मास असतो, आणि एक प्लॅस्टिकचा मग. मगात आधी समुद्राचं पाणी, मग थर्मासातलं थोडं थोडं, दुसऱ्या हाताची बोटं घालून बघत. एवढ्याने अर्धा तास निघतो, तोवर गाडीपर्यंत पोचता येतं. आजवर तीन जणांसाठी तो थर्मास उघडलाय. तिघेही आधी ओठ चावत बसले होते आणि पंधरा-वीस मिनिटांत बोलायला लागले.

चुना, हळद, तंबाखू यांतलं काही जखमेत भरू नका. तोंडाने चोखू नका, पात्याने चिरू नका, दोरीने आवळून बांधू नका. वर दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्याने काढा, जखम स्वच्छ पाण्याने नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. श्वास लागणं, चक्कर, छातीत दाटणं, अंगावर गांधी उठणं यांतलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा, अशा वेळी पाणी तापवत बसू नका. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाने साध्या ओरखड्यावरही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू अशा शरीरात फार झपाट्याने पसरतात.

आता तुमचा मोठा प्रश्न, अनोळखी माशाचा. आपण समजतो की आधी मासा ओळखायचा, मग कसं धरायचं ते ठरवायचं. खडपावर ते उलटं असतं. नाव घरी गेल्यावर सावकाश शोधता येतं. तिथे फक्त एवढं ठरवायचं असतं की याला इजा करायचं हत्यार कुठे आहे, आणि त्याला नाव लागत नाही, डोळे लागतात. म्हणून मासा वर आला की त्याला हवेत झुलवत अंगाजवळ आणायचं नाही. तंगूस, म्हणजे गरीची दोरी, ताणलेलाच ठेवून ओल्या कातळावर किंवा पाण्याच्या डबक्यात टेकवायचा आणि उजेड टाकून त्याचं शेपूट, पाठ, गालफडं आणि तोंड, एवढं बघायचं. दहा सेकंद पुरतात. शेपूट चाबकासारखं असेल तर पाकट. पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या पंखांपुढे एकेक जाडजूड काटा आणि तोंडाला मिशा असतील तर शिंगाळ्याची जात. पाठीवर काट्यांची दाट रांग आणि डोकं ओबडधोबड, तर विंचूमासा. चोचीसारखे दात आणि खवल्यांशिवाय कातडी, तर केंड (पफरफिश). गालफडांच्या कडेने पातं असेल तर जिताडा, तांबोसा. जिताड्याला विष नाही, पण त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कडा ब्लेडसारखी असते. मोठा जिताडा मिळाल्याच्या आनंदात कल्ल्यात बोटं घालून उचलणाऱ्याची बोटं मी टाके घालण्याइतकी कापलेली पाहिली आहेत.

शिंगाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे खाड्यांच्या तोंडाशी सगळ्यांत जास्त जखमा त्याच्याच. गोव्याकडे शेंगाळो, कुठे शेंगटी, पण मासा त्याच कुळातला. त्याला काटे तीनच, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. तीनही मुळाशी खुंटीसारखे अडकतात. एकदा ताठ झाले की जोर लावून खाली बसत नाहीत आणि मेल्यावरही तसेच राहतात. कडांना करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे जाताना जितकं फाटतं त्याहून जास्त बाहेर येताना फाटतं. १९९८ च्या पावसाळ्यानंतर विजयदुर्गच्या धक्क्यावर मला असा एक हातभर शिंगाळा लागला. गरी काढून तो सिमेंटवर टाकला होता, तडफडत कडेला आला, म्हणून मी पायाने पाण्यात ढकलायला गेलो. रबरी चप्पल होती. काटा तळव्याखालचं रबर भेदून पायात शिरला आणि आत मोडला. जवळच्या एका दवाखान्यात नुसती पट्टी बांधून घरी पाठवलं, आत तुकडा राहिला असेल का हे कुणी पाहिलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तीन आठवडे पाय टेकवत नव्हता. शेवटी चीर देऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला आणि चार दिवसांत सूज गेली. तेव्हापासून धक्क्यावर असो की खडपावर, पायात बंद बूट, आणि माशाला पाय लावायचा नाही.

शिंगाळा न धरता सोडवायची रीत अशी. लांब नाकाच्या पक्कडीने गरीचा दांडा घट्ट पकडा. दुसऱ्या हाताने तंगूस खाली ओढून धरा आणि पक्कड वर फिरवा, म्हणजे गरीचा बाक वर आणि मासा खाली लोंबकळता राहील. एक-दोन हिसके दिले की तो स्वतःच्या वजनाने सुटून पडतो. हात माशाला कुठेच लागत नाही. हे पाण्याच्या वर करा, म्हणजे सुटलेला मासा थेट समुद्रात. गरीचं उलटं टोक, म्हणजे आकडा, आधीच पक्कडीने दाबून बसवलेला असला तर काम आणखी सोपं. मासे थोडे सुटतात, पण माणसाच्या बोटात गरी गेली तर तीही सहज निघते. गरी खोल गिळली असेल तर तोंडाशी तंगूस कापून टाका. एक गरी पाच-दहा रुपयांची असते.

शिंगाळ्याच्याच कुळाच्या जवळचा, अंगावर लांबीने पांढरे पट्टे असलेला, मागचं अंग वामीसारखं (ईलसारखं) निमुळतं होत गेलेला छोटा मासा खडपात कधी कधी लागतो. बोटभर दिसतो म्हणून पोरं तो मुठीत घेतात. त्याचं विष शिंगाळ्यापेक्षा बरंच तीव्र आहे. मिशा आणि पट्टे एकत्र दिसले की पक्कडच.

पाकटाचा काटा शेपटीच्या टोकाला नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. तो शेपटीच्या वरच्या बाजूला, मुळाकडच्या अर्ध्या भागात असतो, म्हणून टोक धरलं की आपण सुरक्षित असं मुळीच नाही. शेपूट पुढे वळवून पाकट तो डोक्यापर्यंत मारू शकतं. २०१३ च्या गणपतीत दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांच्या पायांना पाकटांनी दंश केला होता, ते तुम्हाला आठवत असेल. पाकट उथळ वाळूत अंग पुरून बसतं आणि पाय पडला की शेपूट उसळतं. वाळूत उतरून गरवताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, ते आधीच निसटून जातं. गरीला लागलं तर वर उचलूच नका. पाण्याच्या कडेलाच, जमेल तितक्या जवळ तंगूस कापा. काटा छातीत किंवा पोटात रुतला तर तो ओढून काढायचा नाही, तसाच ठेवून हॉस्पिटलात न्यायचं. स्टीव्ह आयर्विन यांचा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मृत्यू झाला तो छातीत घुसलेल्या पाकटाच्या काट्याने. एरवी पाकटाने माणूस दगावणं फार दुर्मीळ आहे, पण जखम खोल असते आणि चिघळते.

अगदी गोलसर, मऊ, गुळगुळीत, आखूड जाड शेपटीचं पाकट मिळालं तर ते वीज देणारं असू शकतं. ओल्या हाताने धरलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. माणूस त्याने मरत नाही, पण निसरड्या खडपावर तोल गेला तर काय होईल ते सांगायला नको.

लांब, सापासारखं काही वर आलं तर पहिली नजर शेपटीवर. शेपूट वल्ह्यासारखं उभं चपटं, अंगावर खवले, पंख नाहीत आणि कल्ल्यांची फटही नाही, तर तो समुद्री साप. वामीला पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पंख असतो, गळ्याशी कल्ल्याची फट दिसते आणि कातडी गुळगुळीत असते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर समुद्री साप जाळ्यात नेहमी येतात, रात्री गरीलाही लागतात. त्याचा चावा फारसा दुखत नाही, त्यामुळे लोक घरी जाऊन झोपतात. काही तासांनी स्नायू दुखायला लागतात, लघवी गडद होते. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं आहे, समुद्री सापासाठी ते बनलेलंच नाही. म्हणून इथे पक्कडही नको, दोन हात लांबून तंगूस कापायचा. चावलाच तर हात-पाय न हलवता तातडीने मोठं हॉस्पिटल, आणि गरम पाण्याचा उपाय इथे चालत नाही. सापाला मारू नका, कायद्याने त्याला संरक्षण आहे.

वाम हा साप नसला तरी तिचे दात कमी समजू नका. तासाभरापूर्वी मेलेली म्हणून टाकलेली वाम मिटत्या जबड्याने बोट पकडते. खडपातले मोरे ईलही तसेच.

केंडाबद्दल हात जोडून सांगतो. पोरं त्याला फुगवून चेंडूसारखं खेळतात, मीही लहानपणी खेळलो आहे. त्याची चोच म्हणजे चार दातांची कात्री, तंगूस तर कापतेच, बोटाचा तुकडाही काढते. पण खरा धोका ताटात. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि बऱ्याच जातींत कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते शिजवून, तळून, वाळवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. खाल्ल्यावर बहुधा तासाभरात ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, मग श्वासाचे स्नायू. माणूस शुद्धीवर असतो आणि श्वास घेता येत नाही. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तरच वाचतो. जपानमध्ये परवानाधारक आचारीच हा मासा करतात, आणि तरीही १९७५ मध्ये तिथले नामवंत काबुकी नट आठवे बांदो मित्सुगोरो हॉटेलात केंडाचं यकृत खाऊन गेले. आपल्याकडचे काही केंड रुपेरी, सडपातळ, अगदी खायच्या माशासारखे दिसतात. कातडी सोलून तुकडे केले तर कुणालाच ओळखू येणार नाहीत. म्हणून खवले नाहीत, चोच आहे आणि पोट फुगतंय असा मासा दिसला की पुढचा विचारच करायचा नाही. पाण्यातच गरी काढून सोडून द्या, हवेत फुगू देऊ नका, नंतर त्याला पुन्हा बुडी मारता येत नाही.

अलीकडे मालवणकडे ट्रिगरफिश बरेच दिसतात. काळपट निळसर, लहान तोंडाचे, दातांनी कडक कवचं फोडणारे. पाठीवरचा पहिला काटा उभा करून ते फटीत स्वतःला पाचरीसारखं ठोकून घेतात. तो कितीही दाबला तरी बसत नाही, पण मागचा छोटा दुसरा काटा बोटाने दाबला की पहिला लगेच आडवा होतो. पहिल्यांदा मला हे एका फेकजाळ्याने मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्याने दाखवलं होतं. बंदुकीच्या घोड्यासारखी ही कळ आहे, नावही त्यावरूनच पडलंय.

नाव शोधायचं तर फोटो नीट हवा. हातात उंचावून हसत काढलेल्या फोटोवरून मासा ओळखू येत नाही. मासा ओल्या कातळावर डाव्या कुशीवर नाही, उजव्या कुशीवर ठेवा, म्हणजे डोकं डावीकडे येईल, पुस्तकांतली चित्रं बहुतेक तशीच असतात. पाठीचा पंख पक्कडीच्या टोकाने उभा करा, शेजारी पट्टी किंवा पक्कडच ठेवा, आणि जिवंत असतानाच फोटो घ्या. मेल्यावर रंग दहा मिनिटांत पालटतात. तोंड, शेपूट आणि पोटाकडची बाजू यांचे वेगळे फोटो घ्या. स्थानिक नावावरून खात्री धरू नका. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो आमच्याकडे खजुरा, मुंबईचं पापलेट मालवणात सरंगा, गोव्याचा इसवण म्हणजे आपली सुरमई. ही तर रोजच्या ताटातली नावं. न विकल्या जाणाऱ्या माशांना तर एका बंदरात एक आणि पुढच्या खाडीत दुसरं नाव. इंटरनेटवर फिशबेस नावाचं भांडार आहे, त्यात काट्यांची संख्या जुळवून पाहता येते. बाजारातल्या अनुभवी मासेवालीला फोटो दाखवा. खाण्याचा की टाकण्याचा, हे ती अचूक सांगते.

खाण्याचं विचारलंत. दोन जाणकारांनी एकच नाव सांगेपर्यंत नाही. मांजराने खाल्ला, मुंग्या लागल्या, नाणं काळं पडलं नाही, या कसोट्यांनी विष कळत नाही. ओळखीचा मासाही उन्हात ठेवू नका. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) दोन-तीन तास तापल्या कातळावर राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं, तेही शिजवून जात नाही, आणि जेवणानंतर तोंड लाल होऊन अंगभर पित्त उठतं.

आणखी एक. चेहरा मुशीसारखा (शार्कसारखा) की पाकटासारखा कळत नाही असा गिटारच्या आकाराचा मासा, करवतमासा, समुद्री घोडा, अवाढव्य गोबरा (ग्रूपर), यांतल्या अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. चुकून लागला तर फोटोसाठीही कोरड्यावर ठेवू नका, पाण्यातच सोडा.

आता भाच्याचं. आठ दिवस सूज उतरत नाही याचा अर्थ बहुधा आत काट्याचा तुकडा आहे किंवा जंतुसंसर्ग झालाय. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि स्वतःहून सांगा की समुद्रातल्या माशाचा काटा रुतला होता, आत तुकडा आहे का बघा. एक्स-रेत दिसला नाही तर सोनोग्राफीचं विचारा. अंगठ्याच्या पेरावर हलकेच बोट फिरवून एखादी टणक, टोचरी जागा लागते का तेही पाहून ठेवा, डॉक्टरांना नेमकी जागा दाखवता येईल. अंगठा वाकत नसेल, लाली मनगटाकडे सरकत असेल किंवा ताप आला असेल तर उद्याची वाट बघू नका, आज रात्रीच न्या.